हिरवी तार

माझा मालक लवू, त्याची धाकटी बहीण शालू हिचं लग्न झालं ते साल १९८७. लग्नाला तीन दिवस उरले असताना भाईंदर पश्चिमेला, बाजारामागच्या गल्लीत, गुणवंत मिस्त्रींच्या टेबलावर माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. तुमच्या घरी चटणी वाटतो तो नव्हे. मी आवाज मिसळतो. माझ्या पाठीला चार भोकं आहेत, त्यांत चार माईकच्या तारा बसतात. समोर चार बटणं आहेत. बटण फिरवलं की त्या माईकचा आवाज लहानमोठा होतो. वरच्या बाजूला काचेची छोटी खिडकी आहे आणि आत एक काटा आहे. कोणी बोललं की काटा हलतो. काळ्या पट्टीत असेपर्यंत आवाज चांगला, लाल पट्टीत गेला की फाटला. माझं अंग पत्र्याचं आहे. हे पत्र्याचं अंग तेवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी भीती त्या पत्र्यात होती.

लवू राजापूरकडचा. मंडप बांधणाऱ्यांकडे तो कामाला होता आणि मंडपात बसून आवाज लावायला शिकला होता. गावात शाळा होती, पण त्याच्या वाट्याला गुरं आली, त्यामुळे अक्षर येत नव्हतं. गुणवंत मिस्त्रींनी माझ्या बटणांखाली आकडे कोरले होते. लवू त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. तेव्हा शालूने आपल्या लग्नासाठी आणलेली नखांच्या रंगाची बाटली उघडली आणि पहिल्या बटणावर एक ठिपका दिला, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. म्हणाली, "दादा, आता चुकलास तर मला सांगू नकोस." ते ठिपके अजून माझ्या अंगावर आहेत.

मला लवूच्या हातात देण्याआधी मिस्त्रींनी माझा प्लग उघडून दाखवला.

"या तीन तारा. लाल, काळी आणि हिरवी. लाल आणि काळी काम करतात. हिरवी काय करते?"

"काय करते?"

"काही नाही. नुसती बसून असते."

"आमच्या होणाऱ्या मेव्हण्यासारखी," लवू म्हणाला.

"दादा!" शालू ओरडली.

मिस्त्री हसले नाहीत. ते म्हणाले, "ती एकच दिवस काम करते. आतली एखादी तार झिजून पत्र्याला टेकली, तर करंट पत्र्यात येतो, पत्र्यातून माईकात येतो आणि माईकातून माणसात. हिरवी तार असेल तर तो माणसात न जाता जमिनीत जातो. त्या एका दिवसासाठी ती आहे. तोडायची नाही. काही अडलं तर माझ्याकडे यायचं."

मग त्यांनी अजून एक गोष्ट शिकवली. कार्यक्रम सुरू होण्याआधी माईकला हात लावून बघायचा, पण उलट्या हाताने. तळहाताने धरलं आणि करंट असला तर मूठ मिटते आणि सुटत नाही. उलटा हात लावला तर हात आपोआप मागे फेकला जातो.

"उलटा हात," लवूने पाठ केलं.

शालूच्या लग्नात मी पहिल्यांदा बोललो. माझ्यातून मंगलाष्टकं गेली. पुढची चार वर्षं चांगली गेली. रेक्झिनच्या पिशवीत बसून मी रिक्षाने भाईंदरभर फिरलो. शाळांची संमेलनं झाली, सोसायट्यांच्या पूजा झाल्या, भाषणं झाली. लवूची लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, लावायची रीत वेगळी होती. बाकीचे आवाजवाले माणसाला एक, दोन, तीन मोजायला लावत. लवू म्हणायचा, मोजताना माणूस खोट्या आवाजात बोलतो. तो प्रत्येकाला विचारायचा, "सकाळी काय खाल्लं?" मोठमोठे वक्ते माईकसमोर सांगायचे, "पोहे... आणि अर्धं केळं." त्यांचा खरा आवाज यायचा, काटा काळ्या पट्टीत डोलायचा आणि लवू बटण तिथेच सोडायचा. लोक म्हणायचे, आवाज लवूचाच. मला ते ऐकून बरं वाटायचं.

१९९१ साली आत्माराम नावाच्या माणसाने मीरा रोडला केबलचा धंदा सुरू केला. त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. एका सोसायटीच्या गणपतीची आरती घराघरांतल्या टीव्हीवर थेट दाखवायची असं त्याने ठरवलं. चित्र त्याचं, आवाज लवूचा. त्याचं केबलचं यंत्र दुसऱ्या इमारतीत ठेवलं होतं, आणि माझ्यापासून तिथपर्यंत एक लांब तार टाकली होती.

तार जोडली आणि माझ्या पोटात घों असा आवाज सुरू झाला. माईक बंद केले तरी तो चालूच होता. मला काही कळेना.

आत्माराम जिना उतरत धावत आला. "अरे लवू, ये क्या है? बायका म्हणतायत टीव्हीत भुंगा शिरलाय!"

"बघतोय, शेठ."

"बघतोय काय, दहा मिनिटांत आरती आहे! माझं नाव जाईल रे!"

लवूने सगळ्या तारा काढून घातल्या. बटणं शून्यावर आणली. घों थांबेना. मग तो माझ्या प्लगाजवळ बसला. घों थांबवायची ही युक्ती कोणीतरी त्याला कधीतरी सांगितली असावी. त्याने प्लग उघडला, पक्कड घेतली आणि हिरवी तार तोडली. घों थांबला.

एवढी शांतता झाली की दूरच्या खोलीतलं मूल रडलेलं मला माईकमधून ऐकू आलं. आत्मारामने लवूच्या पाठीवर थाप मारली. आरती झाली. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, असा स्वच्छ आवाज रेडिओलासुद्धा येत नाही. लवूने माझा तीन पायांचा प्लग काढून दोन पायांचा बसवला आणि उरलेल्या हिरव्या तारेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी भ्यायलो.

लवूही भीत होता. मला ते कळायचं, कारण त्याच्या सवयी बदलल्या. आता तो रबरी चपला घातल्याशिवाय मला हात लावत नसे. माझ्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवी. उलटा हात तर तो दहादा लावी. कार्यक्रम चालू असताना तो जेवायलाही उठत नसे. मिस्त्रींकडे जाऊन विचारणं हा खरा मार्ग होता. तो दोनदा त्या गल्लीपर्यंत गेला. मी पिशवीत होतो. दोन्ही वेळा तो कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन परत फिरला. काय सांगणार होता? तुम्ही तोडू नको म्हणालात तीच तार तोडली, असं? आणि आता सगळे त्याच आवाजासाठी त्याला बोलावत होते.

त्याच सुमारास शालूने त्याला अक्षरं शिकवायला घेतलं. ती भाईंदरातच नांदत होती. तिशी उलटलेला भाऊ तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ग गिरवायचा आणि तिची मुलगी नीलम त्याला हसायची. वर्षभरात तो लिहू लागला. मग त्याने पांढऱ्या चिकटपट्ट्यांवर नावं लिहून माझ्या बटणांवर लावायला सुरुवात केली. भटजी. गाणारी. तबला. पाहुणे. अक्षरं तिरकी होती, पण त्याची होती. एकदा तो एकटाच बसला होता. त्याने एक पट्टी घेतली आणि सावकाश लिहिलं, "तिसरी तार नाही." मला वाटलं, सुटलो. आता ही तो माझ्या कपाळावर लावेल आणि मला हात लावणारा प्रत्येक माणूस ती वाचेल. त्याने मला उलटं केलं आणि ती पट्टी माझ्या तळाला, जमिनीकडे तोंड करून चिकटवली.

वर्षं गेली. रिक्षाचे धक्के बसत राहिले. माझ्या पोटात एक काळी तार आहे. ती पत्र्याच्या कडेवरून वाकून जाते. प्रत्येक धक्क्याला ती त्या कडेवर थोडी घासायची. तिच्यावरचं आवरण दर महिन्याला पातळ होताना मला जाणवायचं. मला तोंड नव्हतं. माझ्यातून शेकडो माणसं बोलली, पण स्वतःची एक गोष्ट मला सांगता येत नव्हती.

१९९६च्या फेब्रुवारीत खारीत एक लग्न निघालं. खारी हे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव. चारी बाजूंनी इमारती आल्या होत्या, पण गावातली घरं, अंगणं आणि लग्नाच्या चालीरीती तशाच होत्या. तिथे लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं. खारीची धवलारीण चंपाबाय. वय सत्तरीच्या पुढे. आत्मारामने ठरवलं, चंपाबायची हळदीची गाणी थेट दाखवायची. मीरा रोडच्या लोकांनी असं काही बघितलेलं नाही.

दुपारी तीनला आम्ही मांडवात पोचलो. लवूने मला कोपऱ्यात ठेवलं, केबलच्या यंत्राची तार शेजारच्या घरात नेली, माईक जोडला. मला मात्र लग्नघरातूनच लाईट घेतली, आणि तिथल्या वायरिंगला तिसरी तार मुळातच नव्हती. दोनच भोकांचा लाकडी बोर्ड होता. माझा दोन पायांचा प्लग त्यात सरळ बसला.

मांडवाची जमीन शेणाने सारवलेली होती आणि त्यावर हळदीचं पाणी सांडलं होतं. बायका अनवाणी ये-जा करत होत्या. उघड्या माईकमधून मला त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. छप, छप. मी थिजलो.

लवूनेही ते ऐकलं असावं. तो म्हणाला, "बाय, गाताना पायात चप्पल घालाल का?"

"मांडवान चपला?" चंपाबाय म्हणाली. "न्हाय रं पोरा. द्येव हाय इथं. आनि तू घालून कसा आलास? काढ त्या!"

"बाय, माझं कामच असं आहे..."

"तुझा काम तुझ्या घरी. काढ."

बायका हसल्या. लवूने इकडेतिकडे बघितलं आणि चपला काढून मांडवाबाहेर ठेवल्या. हिरवी तार तोडल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याजवळ अनवाणी, ओल्या जमिनीवर उभा होता.

त्याने माईकला उलटा हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मग त्याने माईक एका कोरड्या पाटावर आडवा ठेवला आणि विचारलं, "बाय, तिथूनच बोला. सकाळी काय खाल्लं?"

"काय खाल्लं? धवलारीण हलद होईस्तोवर उपाशी असते, येवढा पन ठावं न्हाय तुना?"

काटा सरळ लाल पट्टीत गेला. लवूने बटण अर्ध्यावर आणलं, मग पावावर. तो हसत होता. इतका मोठा, इतका खरा आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता. क्षणभर मीही भीती विसरलो.

तेवढ्यात व्हिडिओवाला बबन आला. मांडवात अंधारतंय म्हणून त्याला मोठा दिवा लावून बघायचा होता आणि बोर्डावर जागा नव्हती. लवू शेजारच्या घरात यंत्राची तार बघायला गेला होता. बबनने माझा प्लग उपटला, आपला दिवा लावून पाहिला, मग दुसरीकडून वायर ओढून आणली आणि माझा प्लग परत बसवला. चांगला माणूस होता. त्याने परत बसवला, विसरला नाही. फक्त उलटा बसवला. दोन पायांचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. तीन पायांचा असता तर तसा बसलाच नसता.

मित्रांनो, इथे काय झालं ते नीट समजून घ्या. माझ्या पोटातली ती झिजलेली काळी तार त्या वेळी पत्र्याला टेकलेली होती. प्लग सरळ होता तोवर तिच्यात जोर नव्हता, म्हणून लवूच्या हाताला काही लागलं नाही. प्लग उलटा झाला तसा घराचा सगळा करंट त्या तारेत आला. तारेतून माझ्या पत्र्यात, पत्र्यातून माईकच्या तारेत, आणि पाटावर निजलेल्या त्या माईकात. मांडवातल्या कोणालाही ते दिसत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

लवू परत आला, कानाला हेडफोन लावून बसला. आत्मारामने शेजारच्या खिडकीतून हात हलवला. सुरू!

चंपाबाय पाटाकडे निघाली. तिचे हात कोपरापर्यंत ओल्या हळदीने माखले होते. छप, छप.

तेव्हा माझ्या पोटात घों सुरू झाला. बारीक, पण पाच वर्षांपूर्वीचाच. तो मी मुद्दाम केला असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ते खरंही नाही. करंटानेच तो झाला. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी ओरडतोय.

लवूने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. बोर्डाकडे बघितलं. बबनची नवी वायर दिसली.

"बाय, थांबा!"

"आता काय?" ती म्हणाली, आणि तिचा हात खाली गेलाच होता.

लवूने झेप घेतली. नऊ वर्षं पाठ केलेला उलटा हात त्या एका क्षणी त्याला आठवला नाही. तिच्या आधी पोचायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने माईक तळहाताने पकडला आणि त्याची मूठ मिटली.

तो ओरडला नाही. ओरडता येत नाही. माझा काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला आणि थरथरत राहिला. करंट माझ्यातून त्याच्यात जात होता आणि मी काही करू शकत नव्हतो. ज्या हाताने मला नऊ वर्षं पुसलं, तो हात मी धरून ठेवला होता.

बायका किंचाळल्या. एकीने त्याला धरायला हात पुढे केला.

"हात लावू नुको!" चंपाबाय गरजली. हळद कांडायचं मुसळ उखळाशी उभं होतं. लाकडाचं, कोरडं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि लवूच्या मनगटावर घातलं. एकदा. दोनदा. दुसऱ्या घावाला हाड मोडल्याचा आवाज मी माईकमधून ऐकला. मूठ सुटली. माईक पडला. बबनने बोर्डातून प्लग ओढला आणि मी गप्प झालो.

त्यानंतरचं मला ऐकू यायला नको होतं, कारण माझ्यात वीज नव्हती. पण पत्र्यालाही थोडं ऐकू येतं.

लवू काही क्षण निपचित पडून होता. मग त्याचा श्वास परत आला. पहिलं वाक्य तो बोलला ते असं, "बाय, तुम्हाला लागलं नाही ना?"

"मना काय व्हतंय? हात तुझा मोडलाय. मीच मोडला." ती त्याच्या कपाळावरून हळदीचा हात फिरवत होती. "रडू नुको. जितां हायस."

आत्माराम धावत आला. "आवाज का बंद झाला? सगळीकडे सन्नाटा आहे!"

"तू ये इकरं," चंपाबाय म्हणाली. मुसळ अजून तिच्या हातात होतं. "तुझा पन आवाज बंद करतंय."

लवूला दवाखान्यात नेलं. हळद थांबवता येत नाही, म्हणून चंपाबाय पाटावर बसली आणि माईकशिवाय गायली. नंतर ऐकलं की गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जात होतं.

आठवड्याने लवू गळ्यात हात बांधून, मला डाव्या काखेत घेऊन त्या गल्लीत गेला. या वेळी तो टपरीवर थांबला नाही. मिस्त्री म्हातारे झाले होते. त्यांनी काही न विचारता मला उघडायला उलटं केलं, आणि तळाची पट्टी त्यांना दिसली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली.

"लिहायला शिकलास तर."

"शालूने शिकवलं."

"चांगलं लिहिलंयस. पण वाचणार कोण होतं? जमीन?"

लवूने सगळं सांगितलं. भुंगा, आरती, पक्कड. मिस्त्री ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुझी पेटी एका इमारतीच्या लायटीवर आणि शेठचं यंत्र दुसऱ्या इमारतीच्या. म्हणून घों. दोघांना एकाच बोर्डावरून लाईट दिली असतीस तर थांबला असता."

"एवढंच?"

"एवढंच. विचारायला यायचं होतंस."

लवू तिथेच बाकावर बसला आणि मोडक्या हातासकट रडला. मिस्त्रींनी त्याला रडू दिलं. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या पोटातली काळी तार बदलली, कडेला रबराची नळी घातली, नवी हिरवी तार जोडली आणि तीन पायांचा प्लग बसवला. जिथे घरात तिसरी तार नसेल तिथे अंगणात लोखंडी सळई ठोकायची, तिच्यावर पाणी ओतायचं आणि हिरवी तार तिला बांधायची, हेही दाखवलं. "आणि तरीही उलटा हात," ते म्हणाले. लवूने तळाची पट्टी काढली नाही. डाव्या हाताने "नाही" खोडलं आणि पुढे "आहे" लिहिलं.

त्या मे महिन्यात खारीत दुसरं लग्न होतं. लवू आपणहून गेला. अंगणात सळई ठोकली, यंत्र आणि मी एकाच बोर्डावर बसलो. चंपाबाय अनवाणीच आली. आता लवूने तिला अडवलं नाही. त्याने उलटा हात लावला. तिने ते बघितलं आणि आपलाही हळदीचा उलटा हात माईकला लावला. मी श्वास रोखून होतो. काही झालं नाही.

"मी आजपन उपाशी हाय," तिने माईकला सांगितलं. "इचारू नुको."

काटा काळ्या पट्टीत राहिला आणि धवले मीरा रोडच्या घराघरांत पोचले. पुढे तिच्या हाताखाली ज्या मुली धवले शिकल्या, त्यांना ती गाण्याआधी उलटा हात लावायला शिकवायची. त्यांना वाटायचं, हाही एक विधी आहे.

आता मी शालूच्या घरी फळीवर असतो. लवूचं उजवं मनगट वाकडंच जुळलं. बारीक बटणं त्याला फिरवता येत नाहीत. मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तीन पायांच्या प्लगाचा तिसरा पाय कोणी मोडत असेल तर त्याला थांबवा. आणि तुमच्या हातून तो मोडला गेला, तर त्याच दिवशी जाणत्या माणसाकडे जा आणि सांगा. मला पाच वर्षं भीत राहावं लागलं, कारण एका चांगल्या माणसाला विचारायची लाज वाटली.

खारीची चंपाबाय १८ ऑगस्ट १९९९ रोजी दुपारी, आपल्या घरी, आपल्या अंथरुणात, म्हातारपणाने गेली.